अकरा मैलांचा संशय

१९९८ सालच्या एका शुक्रवारी सकाळी, शारजात, मी टॅक्सीत बसून स्वतःच्याच गाडीचा पाठलाग केला. खिशात गॅरेजच्या मालकाच्या नावे लिहिलेले तक्रारीचे पत्र होते. तीन वेळा तपासलेले, एकही चूक नसलेले...

गाडी म्हणजे माझी दोन आसनांची, कापडी टपाची, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज सहकाऱ्याकडून मी ती घेतली होती. हिवाळ्यातल्या सकाळी टप उघडून खोरफक्कानच्या डोंगररस्त्याने जाणे, यापरते सुख मला आखातात लाभले नाही. त्या एका सकाळीसाठी महिनाभर तिची मनधरणी करावी लागे, हा भाग वेगळा.

तिला दोन कार्ब्युरेटर होते. दोघांनी हवा अगदी सारखी ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन खोकत चालते. ते जुळवण्याचे काम कानाचे. रबरी नळीचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे, दुसरे आपल्या कानात. एकाचा सुस्कारा ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि दोन्ही एकसारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचे.

माझ्या माहितीत हे एकाच माणसाला साधत असे... हसनमियाँ. मूळचे रत्नागिरीकडचे, शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजात उस्ताद. महिन्यातून एकदा मी गुरुवारी संध्याकाळी गाडी त्यांच्याकडे सोडत असे आणि शनिवारी परत आणत असे. सोडताना मैलांचा आकडा वहीत लिहून ठेवत असे. ही सवय मी कधी लपवली नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये अकरा मैल जास्त निघाले. एप्रिलमध्ये पुन्हा अकरा. मे महिन्यात अकरा मैल आणि शेजारच्या आसनाच्या फटीत केसांची एक काळी पिन...

मी हसनमियाँना स्पष्ट विचारले, "गाडी बाहेर कोण नेते?"

"इन्शाल्ला, साहेब," ते हसून म्हणाले.

"मी विचारतो आहे, कोण नेते?"

"इन्शाल्ला, इन्शाल्ला."

असले उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, याविषयी मला शंका उरली नाही. अलीकडे ते बोलताना माझ्या डोळ्यांत न पाहता तोंडाकडे पाहत, हेही मी टिपून ठेवले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, जस्ट आस्क हिम प्रॉपरली." ही म्हणाली, "तुम्हाला तर आरशातल्या माणसाचाही संशय येतो." मी दोघांकडे दुर्लक्ष केले आणि जूनमध्ये गाडी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून गॅरेजसमोर जाऊन बसलो.

सातच्या सुमारास हसनमियाँ एकटेच आले आणि माझी गाडी घेऊन निघाले. पुढे एका इमारतीपाशी थांबले. काळा बुरखा घातलेली एक बाई खाली आली आणि शेजारी बसली.

टॅक्सीवाला पठाण होता. त्याला माझ्यापेक्षा जास्त चेव आला. "साब, इसमें तो औरत बैठ गया! पुलिस को बोलूँ?"

"पहले देखने दो," मी म्हणालो. पत्र खिशात आहे ना, हे मी चाचपून पाहिले...

गाडी समुद्रालगतच्या एका मोकळ्या, वाळूच्या मैदानात थांबली. इंजिन चालूच होते. बॉनेट उघडले गेले, आणि मी जे पाहिले ते वहीच्या कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते.

नळी त्या बाईंच्या कानात होती. त्या वाकून, डोळे मिटून ऐकत होत्या. हसनमियाँ स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्या हाताकडे पाहत होते. बाईंनी एक बोट उचलले की अर्धा आटा फिरवायचा, तळवा दाखवला की थांबायचे.

मी मागून गेलो. "हसनमियाँ!" ते वळले नाहीत. दुसऱ्यांदा मोठ्याने हाक मारली. तिसऱ्यांदा तर टॅक्सीवालाही दचकला... वळल्या त्या बाई.

हसनमियाँच्या पत्नी, सकीनाभाभी. त्यांनी आधी इंजिन बंद केले, मग माझ्याकडे पाहिले. "भावजी, ह्यांना आता ऐकाय येत नाय. चार म्हैने झाले. अरबाबला, गॅरेजच्या मालकाला, कळला तर व्हिसा खलास. घरी दोन पोरींची शादी बाकी आहे."

"आणि तुम्हाला हे काम येते?" माझा स्वर अजूनही उलटतपासणीचाच होता, हे कबूल करतो.

"माझा बाप लाँचीवर इंजिन चालवायचा. दर्यात धुका असला तरी आवाजावरना आम्ही पोरी सांगायचो, आपली लाँच आली. तुमच्या गाडीचा डावा जास्त ओढतो. पयल्यापासनं." मग नवऱ्याकडे मान वळवून, "ह्यांचा कान गेला, पन हात अजून तोच हाय."

हसनमियाँ माझ्या ओठांकडे पाहत उभे होते. मी काय बोलणार, यावर त्यांचे सगळे अवलंबून होते. मी मान हलवली आणि बॉनेटकडे बोट दाखवले... चालू द्या.

पत्र मी परतताना टॅक्सीत फाडले. पठाण म्हणाला, "क्या हुआ साब, चोर नहीं मिला?" मी म्हणालो, "मिला. मैं ही था." त्याला ते समजले नसावे.

त्यानंतर दर महिन्याच्या एका शुक्रवारी मी स्वतःच गाडी घेऊन त्या मैदानात जात असे. भाभी थर्मासमधून चहा आणत आणि दर वेळी नळी कानाला लावून म्हणत, डावा पुन्हा जास्त ओढतो. दोन वर्षांनी, पोरींची लग्ने पार पडल्यावर, ती दोघे आपल्या मर्जीने गावी परतली. मालकाला शेवटपर्यंत काही कळले नाही. एखाद्या माणसाबद्दल माहीत झालेली गोष्ट मी कुठेही लिहून ठेवली नाही, असे प्रथमच घडले.

जाताना भाभींनी ती नळी माझ्या हातात ठेवली. त्याच संध्याकाळी मी बॉनेट उघडले, इंजिन चालू केले आणि कान लावला. आधी डावा, मग उजवा. पुन्हा डावा...

मला मात्र दोन्ही अगदी सारखेच ऐकू आले.