केळवणाला जमलेली युनियन

ताईच्या डब्यातली चकली उचलली की ती माझं मनगट धरायची. "विचारलंस का?" मग मी विचारायचे, आणि ती अख्खा डबा माझ्यापुढे सरकवायची. "घे, तुझ्यासाठीच आणल्यात. पण विचारायचं गं बाई!" तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. खाऊ घालेल पोटभर, पण आधी भांडेल.

ताई मिरजेची. सौदीतल्या धाहरानजवळच्या एका मुलींच्या कॉलेजात ती फिजिओथेरपिस्ट होती आणि मी कॉम्प्युटर शिकवायचे. आमची क्वार्टर्स समोरासमोर. नवरा मिरजेत, लेक डॉक्टरकी शिकत होती आणि तिची दोन वर्षं राहिली होती. सगळा भार ताईच्या पगारावर. "तेवढी दोन वर्षं निघू देत, मग इकामा मी स्वतःच नेऊन देते," असं ती म्हणायची. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. सौदीकरणाचे, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस नेमायचे दिवस होते. आज या खात्यातली केरळची बाई गेली, उद्या त्या खात्यातली इजिप्तची. ताईचं कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं, आणि ते होईपर्यंत तिच्या पोळ्या करपायच्या.

बास्केटबॉलच्या मुली तिला ताईच म्हणत. ती त्यांच्याशी इंग्रजी, अरबी आणि मिरजेची मराठी एकाच वाक्यात बोलायची आणि त्यांना सगळं कळायचं. "यल्ला, गुडघा वाकव! रडायचं ते नंतर, आधी वाकव!" तिच्या हाताखाली अमल नावाची सौदी मुलगी काम शिकत होती. तिच्यावरही ती असंच ओरडायची, फक्त जरा जास्त.

त्या वर्षी माझ्या विद्यार्थिनींनी कॉलेजच्या प्रदर्शनासाठी बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम केला. त्यात आमचाच संघ घेतला. नावं नाहीत, आणि तिथे मुलींचे फोटो कोणी लावत नाही, म्हणून चेहरेही कोरे. पण एक खेळाडू बॉल टाकण्याआधी डोक्यावरचा रुमाल ओढायची, दुसरी पळताना जीभ चावायची, आणि कॅप्टन नूरा उडी मारून नेहमी डाव्या पायावर उतरायची. पडद्यावरच्या बाहुल्याही हुबेहूब तेच करत होत्या. अहो, बघणाऱ्या मुली दारातूनच ओरडायच्या, "ही नूरा!" मुदीरा, म्हणजे आमच्या मुख्य बाई, भलत्याच खूश झाल्या. गेम बाकीच्या कॉलेजांनाही द्यायचं त्यांनी ठरवून टाकलं.

ताईने थोडा वेळ खेळून पाहिला. "झकास. इथे कोणाचा गुडघाच दुखत नाही! मास्तरीणबाई, तुझ्या गेममध्ये पहिली नोकरी माझी गेली की गं." मग ती नूराकडे वळली. "तुला विचारलं का यांनी?"

"माझं नाव कुठे आहे त्यात, ताई?"

"नाव नाही. पण उतरते कोण त्या डाव्या पायावर? मी?"

नूराने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडलेली मी तेव्हा प्रथमच पाहिली.

मुलींनी एकजुटीने मुदीरांकडे याचा मोबदला मागावा, असं ताईच्या मनात आलं. पण खेळाडूंची युनियन हा शब्द तिथे तोंडातून काढायची सोय नव्हती. ताईने डोकं चालवलं. नूराचं लग्न ठरलं होतं, तेव्हा तिने सगळ्या संघाला नूराच्या केळवणाला बोलावलं. "आमच्याकडे लग्नाआधी मुलीला जेवू घालतात," एवढंच तिने मुदीरांना सांगितलं, आणि ते खोटं थोडंच होतं? मुली नुकत्याच गाडी चालवायला लागल्या होत्या. क्वार्टरबाहेर गाड्यांची अशी गर्दी झाली की वॉचमनला वाटलं लग्न आजच आहे.

पुरणपोळ्या झाल्यावर ताईने माझा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर चढवला, उशी पोटाशी धरली आणि ती मुदीरा झाली. "नाव नाही, चेहरा नाही, मग परवानगी कसली?" मुलींनी उत्तरं द्यायची. जी गडबडेल तिला आणखी एक पोळी. पहिल्या फेरीत सगळ्याच हरल्या आणि सुस्त झाल्या. शेवटी नूरा उठून उभी राहिली. "मग आमची चाल काढून टाका, मॅडम. सगळ्या बाहुल्या एकसारख्या चालू देत."

"शाब्बास!" ताई उशीसकट उडाली. "आणि काय हवं असं विचारलं, तर काय मागाल? लाजू नका. चांगले बूट मागा."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "ते आमचं आम्ही ठरवू," नूरा म्हणाली. ताईला काय आनंद झाला म्हणून सांगू! "बघ, मलाही विचारेनाशा झाल्या," असं म्हणून ती हसत सुटली.

खऱ्या मुदीरांसमोर अगदी तसंच झालं. चाल काढली तर गेममध्ये काय उरणार, हे त्यांनाही कळलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, काय हवं?" बूट कोणीच मागितले नाहीत. मागे दूरच्या खमीस मुशैत गावी सामना होता तेव्हा ताईला सोबत पाठवलं नव्हतं, आणि एक मुलगी दुखरा घोटा घेऊन पूर्ण सामना खेळली होती. नूरा म्हणाली, "संघाला कायमची फिजिओ हवी. वर्षाच्या कंत्राटावरची नको, कायमची. जिथे आम्ही, तिथे ती." त्यांना ताईच कायमची हवी होती हो! पोरींनी जीव ओतून मागितलं.

मागणी मंजूर झाली. जागा कायमची झाली, आणि कायमची जागा म्हटल्यावर ती सौदी माणसाचीच. अमलची नेमणूक झाली. ताईचं कंत्राट पुढे चालवायचं कारणच उरलं नाही. खलास.

मी ऐकून हबकले. ताई खुर्चीत बसली आणि तिला हसू फुटलं. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला गं. बरं तर बरं, पाय बांधायचा कसा ते मला येतं." मग म्हणाली, "मला राग आलाय. लेकीला काय सांगू? आणि अमलला जागा मिळाली म्हणून आनंदही झालाय. दोन्ही एकदम होतंय बघ."

मुली पेटल्या. कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना तोंडावर आला होता. ताई नाही तर अंतिम सामना नाही, असं नूराने जाहीर केलं. अमल कोपऱ्यात रडत होती, ती म्हणाली, "मी जागा घेणार नाही."

ताईचा आवाज तेव्हा असा चढला की बाहेरची झाडूवाली आत डोकावली. "खबरदार! हिला हाताखाली घेऊन शिकवलं ते काय घरी बसवायला? माझ्या लेकीसाठी मी इथे आले. ही पण कोणाची तरी लेकच आहे की! सामना खेळायचा. आणि अमल, डोळे पूस. फिजिओने रडायचं नसतं, पेशंट घाबरतात."

अंतिम सामना झाला. ताई पहिल्यांदाच प्रेक्षकांत, माझ्या शेजारी बसली होती. खाली, नेहमीच्या तिच्या जागी, अमल. खेळ रंगात आला आणि नूरा डाव्या पायावर उतरली ती कोसळलीच. ताई अर्धी उठली. मग खाली बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

अमल धावत गेली, गुडघ्याशी बसली, आणि तिने मान वर करून आमच्या दिशेने पाहिलं. काय करू, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

ताईने तोंड फिरवलं. ती छताच्या दिव्यांकडे बघू लागली. मी म्हटलं, "ताई, अगं ती बघतेय तुझ्याकडे."

"बघू दे," ती म्हणाली. "तू सांग. काय करतेय?"

"पाय धरला. वाकवतेय. हळूहळू."

"मग?"

"नूरा उठली. चालतेय."

ताईने मान खाली केली नाही. हात तसेच मांड्यांखाली होते.