आत्याचं बसकर

मागच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात माझी थोरली नणंद सोनाळ्याहून एसटीनं आली. माझ्या लेकीला शाळेत बसायला तिनं स्वतःच्या जुन्या सुती पातळाच्या घड्या घालून, बारीक टाक्यांचं बसकर शिवलं होतं. लेकीच्या शाळेत बाकडी आहेत, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. पुढं फोनवर ती विचारायची तेव्हा मी सांगायचे, "रोज नेते हो ताई." बसकर मिक्सरखाली होतं.

यंदा ती येणार म्हटल्यावर मी ते घाईघाईनं कपाटात कोंबलं. तिनं पिशवीतून नवं बसकर काढलं, चांगलं ऐसपैस.

"पोरगी वाढली ना," ती म्हणाली, "जुनं आता तिले पुरत नसन."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात लेकच बोलली, "हाव आत्या, अर्धी तं मी खालीच बसत होती."

नणंदेनं तिला कौतुकानं जवळ ओढलं. तिच्या कुशीतून लेकीनं माझ्याकडे पाहिलं, पाढा बिनचूक म्हटल्यावर पाहते तसं.