ओळखीतली स्नोमोबाइल

सेकंडहँड वाहन घेताना माणसाने भावनेला थारा देऊ नये, यावर माझी अढळ श्रद्धा आहे. ही श्रद्धा मी दोन महिने सांभाळली. ती थालीपिठापर्यंत टिकली.

सुरुवात आमच्या सईने केली. सई पंधरा वर्षांची आहे आणि आई-बाबांशी तिचे संबंध दोन शेजारी राष्ट्रांसारखे आहेत. बोलणी होतात, पण गरजेपुरती. ती मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर व्हरमाँटला जाऊन आली आणि जेवताना (फोन बाजूला ठेवून!) म्हणाली, "बाबा, वी शुड गेट अ स्नोमोबाइल. युज्ड चालेल. वर्षातून दोन-तीनदा जाऊ आपण."

आपण! वर्षभरात आमच्या वाट्याला आलेलं हे पहिलं 'आपण'. मी मेधाकडे पाहिलं. बायकोने इतक्या चटकन होकार दिल्याचं मला आठवत नाही. बर्फावर पळणारी ती मोटारसायकल घ्यायचीच, असं ठरलं.

मी अभ्यासाला लागलो. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये कॅमेरा बंद ठेवून व्हिडिओ पाहिले आणि तेवीस कलमांची यादी केली. पहिलं कलम लाल अक्षरात होतं: इंजिन थंड असताना चालू करून बघावं. आधीच गरम असेल, तर विक्रेता काहीतरी लपवतो आहे, तिथून निघावं.

पहिला विक्रेता म्हणजे पेनसिल्व्हेनियातला एक म्हातारा शेतकरी. त्याने गाडीचे सगळे दोष न विचारता सांगितले. "इतकं खरं बोलणारा माणूस नक्की काहीतरी मोठं लपवतोय," असं म्हणून मी सगळ्यांना परत आणलं.

मग अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आपटे काका भेटले. त्यांचा मुलगा नोकरीसाठी ॲरिझोनाला गेला होता आणि त्याची स्नोमोबाइल त्यांच्या गॅरेजमध्ये पडून होती. "घेऊन टाक रे," काका म्हणाले. "घरातल्या घरात राहील."

शनिवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. काकूंनी आल्या आल्या थालीपिठं हातात ठेवली. यादी माझ्या खिशात होती. पण लोणी लावलेलं थालीपीठ खाता खाता "काका, इंजिनचं कॉम्प्रेशन तपासू का?" असं विचारायला जे काळीज लागतं, ते माझ्याकडे नाही.

गॅरेजमध्ये सईने इंजिनवर हात ठेवला. "बाबा, इट्स वॉर्म! नंबर वन ऑन युअर लिस्ट!"

काकूंचा उलथनं धरलेला हात हवेतच राहिला.

"गरम असणारच!" काका म्हणाले. "एवढ्या थंडीतून तुम्ही येणार, आणि तुम्हाला इंजिन चालू करायची दोरी ओढत उभं करायचं? सकाळपासून तीनदा चालू करून ठेवलीय."

बाहेर ज्याला लबाडी म्हणतात, त्याला आमच्यात आगतस्वागत म्हणतात. माझे डोळे भरून आले. (थालीपिठात मिरचीही बरीच होती.)

"किंमत काय, काका?"

"तू काय परका आहेस? तुला पटेल ते दे."

याहून क्रूर वाक्य बाजारात नाही. मनात ठरवलेला आकडा मला एकदम कोता वाटायला लागला आणि तोंडातून त्याच्या वरचाच निघाला. "छे छे, फार होतात," काका म्हणाले. मी पेटलो. "तेवढे घ्यावेच लागतील!" मेधाने मागून कोट ओढला; पण तोवर स्वतःविरुद्धची घासाघीस मी जिंकली होती.

फेब्रुवारीत भाड्याच्या ट्रेलरवर गाडी चढवून आम्ही व्हरमाँट गाठलं. मुक्कामाच्या केबिनबाहेर गुडघाभर बर्फ. सई हेल्मेट घालून तयार. मी दोरी ओढली. काही नाही. चाळीस वेळा ओढली. मग सईने ओढली. मग मेधाने, आपट्यांचं नाव घेत घेत. इंजिन ढिम्म! सईने हेल्मेट काढलं. तिचा हात खिशातल्या फोनकडे जाताना दिसला. मी घाईघाईने काकांना फोन लावला.

"अरे, गाडी उत्तम आहे," काका म्हणाले. "फक्त थंडीत चालू होत नाही."

"काका, ती स्नोमोबाइल आहे!"

"म्हणून तर तापवून ठेवली होती ना! आता असं कर, स्पार्क प्लग काढ आणि तव्यावर गरम कर."

पाच मिनिटांनी मेधा केबिनच्या शेगडीवर दोन प्लग परतत होती. "कडेने तूप सोडू का?" तिने विचारलं. सई हसत हसत खालीच बसली. मग तिने ते प्लग लोकरी मोज्यात गुंडाळून धावत बाहेर आणले, मी बसवले, दोरी ओढली आणि गाडी गरजली! सईला घेऊन ती शंभर फूट गेली आणि विझली.

"अगेन!" सई ओरडली. "आई, तवा!"

दिवसभरात आम्ही सहा फेऱ्या मारल्या, एकूण अंदाजे पाव मैल. त्यातला परतीचा प्रवास प्रत्येक वेळी तिघांनी गाडी ढकलत केला. सईचा फोन संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये चार्जिंगला पडून होता. दुपारनंतर तो कुठे आहे, हेही तिला आठवत नव्हतं.

मेधा म्हणाली, "विकून टाक आता." पण विकायची तर गिऱ्हाईकाला जेवायला बोलवावं लागेल आणि मला थालीपिठं येत नाहीत. म्हणून गाडी आमच्या गॅरेजमध्येच आहे.

आता जुलै आहे. काल दुपारी पंच्याण्णव डिग्री फॅरनहाइटच्या उकाड्यात सईने सहज दोरी ओढून पाहिली. पहिल्या झटक्यात चालू झाली.