तेर कुठं पळून जातंय

तेर बघायला एक दमडी लागत नाही, हे गोरोबा देवकते पाहुण्यांना सगळ्यात आधी सांगायचा, आणि अशा ऐटीत सांगायचा, की गाव जणू त्याच्याच पणजोबानं वसवलंय. त्रिविक्रमाचं देऊळ फुकट, संत गोरोबाकाकांची समाधी फुकट, तेरणेकाठचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड फुकट, आणि हे सगळं फिरून दाखवणारा गोरोबाही फुकट. शाळेत शिपायाची नोकरी झाली, पेन्शन लागली, आता माणसानं दुपारी घरात आडवं व्हावं की नाही? पण हा जेवला की हात पुसत एसटी स्टँडवर हजर. कुणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की त्या माणसाची सुटका नव्हती.

तरुणपणी गावात खोदकाम झालं, तेव्हा त्यानं मातीच्या टोपल्या उचलल्या होत्या. साहेब लोक आपापसात जे बोलायचे, ते कान देऊन ऐकलं आणि पुढं पन्नास वर्षं पुरवलं. "दोन हजार वर्षांमागं ह्या गावाला तगर म्हणायचे. इथलं कापड पार रोमला जायाचं. राजधानी होती ही!" एका प्राध्यापकांनी समजावून पाहिलं, की काका, राजधानी नको, व्यापारी पेठ म्हणा. गोरोबा म्हणाला, "सर, राजेलोक ज्या गावाचं नाव आपल्या नावाम्होरं लावायचे, ती राजधानी न्हाय तर काय वो?" प्राध्यापकांनी हसून हात जोडले. तो विजय गोरोबाला महिनाभर पुरला.

त्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे वीट. शेतात नांगराला लागलेला जुन्या विटेचा एक तुकडा तो फडक्यात गुंडाळून ठेवायचा. पाहुण्यांना दारात उभं करून बादलीत आधी साधी वीट टाकायची, ती बुडायची. मग तगरची टाकायची, ती तरंगायची. मोठमोठी माणसं पोरांसारखी टाळ्या वाजवायची.

बादली भरून ठेवायची बानूबाई, त्याची बायको. पाहुणे आले की हिनं पाणी आणायचं, चहा टाकायचा, कप धुवायचे. तीस वर्षांत तिनं किती बादल्या भरल्या, याचा काही पत्ता नाही. वीट तरंगताना तिनं कधी पाहिली का, हेही गोरोबाला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, कारण त्या वेळी ती चुलीपाशी असायची.

"आवो, मला बी दावा की एकदा सगळं," ती म्हणायची.

"दावतो की. फुकटच हाय. तेर कुठं पळून जातंय व्हय?"

हे वाक्य त्यानं तिला किती वेळा ऐकवलं असेल! ती हसायची आणि कामाला लागायची. साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती लिहायला शिकली, तेव्हाही याला चेष्टा सुचली. "आता काय, शिलालेख वाचणार का काय?" एकदा जेवताना तिनं विचारलं होतं, "त्या म्युझियममधली मातीची बाई हाय न्हवं, काचेतली, हात तुटलेली, ती गालात का हसती वो?" गोरोबा म्हणाला, "उद्या आणखी पाव्हणे यायचेत, डोकं खाऊ नको." आपलंच सांगणं दारातून तिच्या कानावर पडलं असेल, एवढंच त्याला वाटलं.

दोन वर्षांपूर्वी, थंडीत, बानूबाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खेळ आटोपला. तेर जिथल्या तिथं राहिलं.

त्यानंतर गोरोबाचं काही खरं नव्हतं. दारात बादली कोरडी पडली. तो स्टँडवर जायचा, पण कॅमेरेवाला दिसला तरी पाय उचलायचे नाहीत. पाहुण्यांना सगळं दाखवून घरी आल्यावर "गेले का पाव्हणे?" असं विचारणारं कुणी नसेल, तर दाखवून तरी काय करायचं? भाकरी शेजारून यायची. ती तो रेडिओ लावून खायचा, म्हणजे घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. एकटेपणा फार वाईट, आणि ज्यानं जन्मभर बडबडच केली त्याला तर तो जास्तच छळतो.

मग एके दिवशी पुण्याहून नातीचा फोन आला. समृद्धी सातवीत होती. "आजोबा, तुमची वीट खरंच तरंगते? वर्गात कुणी विश्वासच ठेवत नाही." पाठोपाठ गोरोबाची मुलगी मोनिका बोलली, "आप्पा, रविवारी तुळजापूरला निघालोय. येरमाळ्याला देवीचं दर्शन घेऊन दुपारी तुमच्याकडं येतो."

गोरोबाला किती आनंद झाला, ते सांगून कळायचं नाही. जगाला तेर दाखवलं, पण घरातलं एकही माणूस त्यानं हाताला धरून फिरवलं नव्हतं. मोनिकाही लहानपणी नुसती देवळाच्या आवारात खेळली, तेवढीच. आता एकानं तरी बघावं, आपल्या तोंडून ऐकावं. बानूबाईचं राहिलं, निदान नातीचं राहू नये. हीच एक आशा धरून त्यानं आठवडा काढला.

रविवारी पहाटेच त्यानं अंगण झाडलं. बादली स्वतः घासून, स्वतः भरून दारात ठेवली. विटेवरचं फडकं बदललं. धुतलेलं धोतर नेसून तो उंबऱ्यात बसला. बारा वाजले, एक वाजला. बादलीत चिंचेची पानं पडली, ती त्यानं वेचून काढली.

दोनला फोन वाजला. "आप्पा, येरमाळ्यालाच तीन तास रांगेत गेले हो. समृद्धी दमलीये, तुळजापूरला रूम घेतलीये, आता तिकडं वळलो तर अंधार होईल. पुढच्या वेळी निवांत येऊ, दोन दिवस राहू. रागावू नका हं. तेर काय, कुठं पळून जातंय?"

गोरोबा म्हणाला, "न्हाय न्हाय, सावकाश जावा." फोन बंद झाल्यावरही तो कानाला तसाच राहिला. वाक्य मोनिकाचं नव्हतंच. तिनं ते याच घरात, याच्याच तोंडून ऐकलेलं होतं. राग धरायचा तरी कुणावर?

घरात बसवेना. पायांना एकच वाट माहीत होती, ती धरून तो संग्रहालयात आला. तिथं नोकरीला असलेली शिवलीला म्हणाली, "काका, लई दिसांनी! आज पाव्हणे न्हाईत व्हय?"

"न्हाईत. जुन्या वह्या हायत का गं, अभिप्रायाच्या?"

त्याची ही खोड शिवलीलाला माहीत होती. पाहुणे जाताना वहीत नाव, गाव आणि अभिप्राय लिहीत. त्यात 'गोरोबा काकांनी छान माहिती दिली' असं कुठं असेल, ते शोधून वाचायला त्याला आवडायचं. मन खट्टू झालं की हाच उपाय. तिनं कपाटातून दहा-बारा वर्षांपूर्वीची एक वही काढून दिली.

चष्मा लावून तो पानं उलटू लागला. सोलापूरच्या कॉलेजची सहल सापडली. अर्धं पान नुसतं त्याचं कौतुक. 'काकांसारखा माणूस भेटला नाही.' 'इतिहास जिवंत केला.' त्याला तो दिवस आठवला. पोरांचं संग्रहालय बघून झाल्यावर तो त्यांना घाईनं टेकाडावर घेऊन गेला होता. जेवणाचा डबा घरीच विसरला होता, आणि बानूबाई तो घेऊन उन्हातान्हात टेकाडापर्यंत आली होती. "किती शोधायचं माणसाला," म्हणाली होती. पोरांसमोर घरचं बोलणं नको, म्हणून यानं तिला तशीच परत पाठवलं होतं.

कौतुकाच्या शेवटच्या ओळीखाली, त्याच तारखेला, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत आणखी एक नोंद होती. काना-मात्रा सांभाळून, पेन दाबून लिहिलेली.

'बानूबाई गोरोबा देवकते. मुक्काम तेर. सगळं बघितलं. चांगलं हाय. सांगायला कुणी नव्हतं.'

गोरोबानं ते वाचलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग त्याला तिचा जेवतानाचा तो प्रश्न आठवला, आणि ती दारातून ऐकून नव्हे तर बघून आली होती, हे बारा वर्षांनी कळलं. डबा हातात घेऊन ती एकटीच इथं फिरली होती. नवरा सापडेल म्हणून आली, आणि तो पुढं गेलेला.

तो उठून काचेच्या कपाटापाशी गेला. मातीची वीतभर बाई, हात तुटलेली. हिच्यासमोर त्यानं हजार वेळा भाषण केलं होतं. केसांची ठेवण, कानातली कर्णफुलं, माती कुठली, भट्टी कशी, सगळं पाठ. तोंडाकडं मात्र त्यानं कधी नीट बघितलंच नव्हतं. ती खरंच गालात हसत होती. का हसत होती, ते त्याला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणीही ते विचारलं नव्हतं. गोरोबाला रडू आलं, आणि ते त्यानं आवरलं नाही.

"काका, काय झालं वो?" शिवलीला धावत आली.

"काय न्हाय. आजची वही दे."

गावचाच माणूस म्हणून त्यानं वहीत कधी सही केली नव्हती. आज पहिल्यांदा नाव लिहिलं, मुक्काम तेर लिहिलं.  मग अभिप्रायाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'आज बघितलं. ऐकायला कुणी नव्हतं.'