लेकीला नटी करायला निघालेला बाप

आपल्याला नाटकात काम करायचं आहे, हे माझ्या लेकीनं आधी तिच्या आईला सांगितलं. मला सांगायचं दोघींनी महिनाभर टाळलं. तेलंगणात, आदिलाबादकडे, बेल्याजवळच्या एका गावात मी मास्तर आहे, आणि अभिनयातलं आपल्याला बरंच कळतं असा माझा जुना समज आहे. त्याला आधार एवढाच, की सातवीत मी एका नाटकात दरवान झालो होतो. वाक्य एकच होतं, 'महाराज येत आहेत', आणि ते मी महाराज सिंहासनावर बसल्यावर म्हटलं होतं.

लेक दहा वर्षांची झाली तेव्हा हैदराबादहून काही तरुण मंडळी आदिलाबादला आली. त्यांना एका छोट्या सिनेमासाठी मराठी बोलणारी मुलगी हवी होती. बायको म्हणाली, घेऊन जा, पण तिला काही शिकवू नका. मी पंधरा दिवस शिकवलं. बाप बाजारातून परतला नाही आणि मुलगी दारात वाट बघते आहे, असा प्रसंग त्यांनी कळवला होता. मी तिला हंबरडा फोडायला शिकवलं. तो कसा फोडायचा हे अंगणात इतकं मन लावून दाखवलं, की शेजारच्या काकू धावत आल्या आणि बायकोला हळूच विचारू लागल्या, "मास्तरच्या घरचं कोनी गेलं का?"

निवड एका शाळेच्या वर्गात होती. दिग्दर्शक पंचविशीतली मुलगी, तेलुगू बोलणारी. माझ्याशी ती जपून हिंदीत बोलली. लेकीनं मी शिकवलं तसं छाती पिटून रडून दाखवलं. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून तिच्याबरोबर ओठ हलवत होतो, मध्येमध्ये हातवारेही करत होतो. लेकीची नजर सारखी माझ्याकडे. दिग्दर्शक मुलीनं मागे वळून पाहिलं आणि मला अत्यंत आदरानं सांगितलं, की सर, बाहेर चहा छान मिळतो. मी बाहेर गेलो आणि खिडकीतून डोकावलो. कुणीतरी आतून खिडकी लावून घेतली.

अर्ध्या तासानं लेक बाहेर आली. तिची निवड झाली होती. आत काय केलंस, असं मी विचारलं.

"काईच नाई. ताई म्हने, घरी बाबाची वाट पाह्यतं तशीच पाह्य. मंग मी पाह्यली."

"रडली नाईस?"

"तुमी येताच ना रोज. मंग रडाचं कायले?"

माझ्या पंधरा दिवसांच्या शिकवणीवर एवढा नेमका शेरा कुणी मारला नसता. गाडी चालू करताना मी उगाच दोनदा किक मारली.

चित्रीकरण जैनथकडच्या एका गावात झालं. मी लांब राहावं म्हणून मला रस्त्यावर वाहनं थांबवायचं काम दिलं. ते मी फार मनावर घेतलं. एक ट्रॅक्टर आला, तर 'थांब, आवाज करू नको' असं मी एवढ्या जोरात ओरडलो, की ट्रॅक्टरवाला गुपचूप थांबला आणि चित्रीकरण माझ्या आवाजामुळे पुन्हा करावं लागलं.

काही महिन्यांनी तो सिनेमा आमच्या शाळेत पडद्यावर दाखवला. माझी लेक त्यात मिनिटभर दिसते. दाराच्या चौकटीला टेकून, एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत ती रस्त्याकडे बघत असते. मध्येच एक मोटारसायकल जाते, लेकीची मान गाडीमागे वळते आणि परत जाग्यावर येते. बस, एवढंच. माझ्या शेजारी बसलेली बायको म्हणाली, ती रोज अशीच उभी राहते. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? मी दिसलो की ती पळत आत जाऊन अभ्यासाला बसते.