शिक्क्याचा फोटो आणि अंबाजोगाईच्या बाई

बीडच्या आमच्या कचेरीची पहिली वेबसाइट मी बनवली. तिच्यावर एवढे झेंडे, फुलं आणि धावत्या ओळी सोडल्या होत्या, की ती उघडेपर्यंत माणूस दाढी करून, चहा पिऊन, गेवराईला जाऊन परत यायचा. नोकरभरतीच्या जाहिराती मात्र साहेबांच्या पद्धतीनं चढायच्या. कागद टाइप करायचा, सही-शिक्का मारायचा आणि त्याचा फोटो वेबसाइटवर चिकटवायचा. शिक्का दिसला नाही तर कागद खरा कशावरून?

मग वरून आदेश आला: वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी, तसे नियम ठरवा.

"अक्षरं मोठी करा. झालं!" साहेब म्हणाले.

मी म्हटलं, वापरणाऱ्यांना तरी विचारू. अंबाजोगाईला एक बाई होत्या. स्वतः अंध, अंध पोरांना कॉम्प्युटर शिकवायच्या. एसटीनं एकट्या आल्या. पडद्यावरचं इंग्रजी बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी आमच्या मशीनवर चढवलं आणि आमची इंग्रजी जाहिरात उघडली. बोटं अशी चालली, की तबलजीनं लाजून तबला विकावा.

मशीन बोललं, "इमेज." पुन्हा, "इमेज."

साहेब माझ्यावर उखडले. "जाहिरात वाचत कावून न्हाई बे हे?"

"साहेब, तुमचा शिक्का याला दिसत न्हाई," बाई म्हणाल्या. "मलाबी न्हाई. वडवणीचा माझा विद्यार्थी मागच्या भरतीला शेजाऱ्याकडून जाहिरात वाचून घ्यायला गेलता. शेजारी त्याच जागेचा उमेदवार. मुदत संपल्यावर शेजाऱ्याला तारीख आठवली! आता तीच भरती पुन्हा निघालीय."

साहेबांनी टेबलावरचा शिक्का उचलला. मग हळूच म्हणाले, "पण बाई, शिक्का?"

"राहू द्या की! खाली लटकवा. वर अक्षरं टाइप करा. अन् तसा नियम लिहून द्या, न्हाईतर पुढचे साहेब पुन्हा फोटो चिकटवतील."

मी तिथंच नियम लिहिला आणि जाहिरात टाइप करून दिली. मशीननं घडाघडा वाचलं: पद, पात्रता, शेवटची तारीख आणि शेवटी साहेबांचा हुद्दा. हुद्दा साहेबांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. "लई स्पष्ट बोलतंय," म्हणाले, आणि नियमावर सही केली. शिक्काही मारलाच.

बसस्टँडवरच्या बूथवरून बाईंनी विद्यार्थ्याला फोन लावला. आवाज असा, की तारेशिवायही वडवणीला पोचला असता. शेवटची तारीख ऐकून तीन फलाटांवरच्या लोकांनी अर्ज भरले म्हणतात.

"ब्रेलमध्ये लिहून घेतलीस? आता शेजाऱ्यालाबी वाचून दाखव," बाई गरजल्या. "तारीख मात्र खरी सांग!"