अण्णांच्या वजनाचे कांदे

माणूस गाडीवर कसा बसतो एवढ्यावरून त्याचा अख्खा संसार सांगणारे नाशकात एकच गृहस्थ होऊन गेले, आणि मुलांनो, ते तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर होते, हे मी अभिमानाने सांगते. भाऊजी नोकरीला बँकेत, पण त्यांचा जीव मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांमध्ये. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्यातून आलेली गाडी कुणाचीच नसते. ती ब्लाउजसारखी ज्याची त्याला बेतून घ्यावी लागते. म्हणून रविवारी सकाळी आमच्या अंगणात देवळाली कॅम्पातले सुभेदार, दूधवाले, एक भटजीसुद्धा गाड्या घेऊन यायचे. भाऊजी प्रत्येकाला रोजच्या सामानासकट गाडीवर बसवत, मागचा भाग किती दबतो ते पट्टीने मोजत आणि त्याप्रमाणे स्प्रिंग आवळत किंवा सैल करत. दूधवाल्याने रिकामे कॅन आणले तर त्याला परत पाठवत. नजर इतकी बसलेली, की लग्नात अक्षता टाकतानाही जोडप्याकडे बघून 'मागची स्प्रिंग एक खाच वर घ्यावी लागणार' असं पुटपुटत. एकदा शेजारचं जोडपं गाडीवरून जाताना बघून सहज म्हणाले, "वहिनींना यंदा आंबे मानवले." त्या वहिनी पुढचे आंबे येईपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. ते निवृत्त हेडमास्तर. "पदवीधर माणूस आणि तेलाचे हात," एवढं म्हणून ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. पण ऐंशी सालाच्या आसपास त्यांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी एसटीचा प्रवास बंद केला. दिवाळी तोंडावर आलेली. विंचूरला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि आजवर भाऊबीज कधी चुकली नव्हती. ही बहुधा शेवटचीच, हे घरात सगळ्यांना कळत होतं. टॅक्सी करू म्हटलं तर अण्णा म्हणाले, "टॅक्सीतून उतरलो तर ताईला वाटेल, आजारी मीच आहे."

भाऊजी स्वयंपाकघरात आले. "वहिनी, अण्णांचं वजन किती असेल?"

दुसऱ्या दिवसापासून बँकेतून आले, की ते अण्णांच्या वजनाचं कांद्याचं पोतं मागच्या सीटवर उभं बांधायचे, त्यावर काठोकाठ भरलेला तांब्या सुतळीने आवळायचे आणि विंचूरच्या रस्त्याला लागायचे. पाणी सांडलं की घरी येऊन स्प्रिंग बदलायची, पुढच्या चाकाच्या फोर्कमधलं तेल कमी-जास्त करायचं. जकात नाक्यावरचा शिपाई रोज अडवायचा.

"साहेब, एकच पोतं रोज आत-बाहेर काय करता?"

"कांदे नाहीत हो, आमचे वडील आहेत."

"मंग बाबाला सावलीत ठेवा, नाय तर कोंब फुटतील."

हे भाऊजींनीच जेवताना सांगितलं. अण्णा हसले नाहीत, पण भाऊबीजेच्या सकाळी कोट-टोपी घालून बाहेर आले आणि मागे बसले. भाऊजींनी वाकून पट्टी लावली.

"काय रे, पोत्यापेक्षा बरा बसतो ना मी?"

"पोतं बोलत नव्हतं, अण्णा."

दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी गॅलरीत उभी होते, तर गाडी अगदी सावकाश गल्लीत शिरली आणि आमच्या फाटकावरून तशीच पुढे गेली. थोड्या वेळाने परत आली, परत पुढे गेली. काहीतरी बिघडलं, असं समजून मी धावत खाली उतरले. पुन्हा गाडी आली तेव्हा दिसलं: अण्णांच्या कपाळावर बहिणीने लावलेलं कुंकू, उपरण्याने ते भाऊजींच्या कमरेशी बांधलेले, गाल त्यांच्या पाठीवर टेकलेला, आणि गाढ झोप.

भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले, "नाक्यापासून झोपलेत, वहिनी. थांबलो तर जाग येईल. अजून एक चक्कर मारतो."

विंचूरच्या आत्याबाई त्याच थंडीत गेल्या. अण्णांनी शॉकअपचं कौतुक कधीच केलं नाही, आणि बापलेकांना इतकं जवळ मी नंतर पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी मात्र गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तरी मी फाटक उघडं धरून तिथेच उभी राहिले. घाई कुणालाच नव्हती.